पोलिसांकडे का गेला नाही?

दर काही महिन्यांनी एक जुनाच वाद नव्याने पेटतो. कुणीतरी रहस्यपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक याचा एखादा चित्रपट पहिल्यांदा बघतो आणि चुकांची यादी काढतो. नायक सरळ पोलिसांकडे का गेला नाही? खुन्याने खिडकीचा पडदा ओढून का घेतला नाही? त्या बाईला नेमका तोच हार, नेमका त्याच्याच समोर घालायची काय गरज होती? यादी वाचून निम्मे लोक खूश होतात, कारण अभिजात म्हणून मिरवणारं काहीतरी उघडं पडलं. उरलेले वैतागून सांगतात, सिनेमा आहे बाबा, डोकं बाजूला ठेवून बघ. हे बचाव करणारे मला आरोप करणाऱ्यांपेक्षाही जास्त खटकतात. प्रेक्षकाच्या डोक्यात मिनिटामिनिटाला काय चाललं असेल याचा हिशेब मांडत ज्याने आयुष्यभर चित्रपट केले, त्याची बाजू घेताना डोकं बाजूला ठेवायला सांगायचं?

माझं म्हणणं असं की या याद्यांमध्ये दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबलेल्या असतात. एक म्हणजे घटनेतलं भोक: तो त्या वेळी तिथे पोचलाच कसा, किल्ली कुणाकडे होती, प्रेत कुणी ओळखलं. दुसरं म्हणजे माणसातलं भोक: हे पात्र असं वागूच शकत नाही. चांगली रहस्यकथा पहिलं पुष्कळदा पचवते, दुसऱ्याने मात्र ती मरते. आणि खरा घोळ पुढेच आहे. पात्र स्वतःच्या हिताविरुद्ध, मूर्खासारखं वागलं की त्याची नोंद लगेच दुसऱ्या खात्यात होते. माणसं शहाण्यासारखी वागत असती तर गुन्हेगारी कथा लिहायला विषय तरी काय उरला असता? (पुढे बरीच जुनी गुपितं फुटणार आहेत. साठ-सत्तर वर्षं ही पुरेशी मुदत आहे असं मी समजतो.)

या खटल्यात अमेरिकन रहस्यकथाकार रेमंड चँडलर हा साक्षीदार फार उपयोगी आहे, कारण तो दोन्ही बाजूंनी बोललेला आहे. १९४४ साली त्याने 'अटलांटिक मंथली'त एक गाजलेला निबंध लिहून इंग्लंडच्या टापटीप, बंगलेवाल्या रहस्यकथांची सालपटं काढली. ए. ए. मिल्न, म्हणजे 'विनी द पू'वाला, याची १९२२ची 'द रेड हाउस मिस्टरी' त्याने समोर घेतली आणि एकेक टाका उसवला. प्रेताची धड ओळख पटलेली नसताना कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यू तपासणारा अधिकारी, चौकशी उरकतोच कसा? मेलेला माणूस आला कुठून, हे पोलीस तपासत कसे नाहीत? आजच्या कुठल्याही यादीवाल्याने गुरुस्थानी मानावा असा तो निबंध आहे. पण याच चँडलरच्या 'द बिग स्लीप' (१९३९) या कादंबरीत ओवेन टेलर नावाचा शोफर गाडीसकट समुद्रात सापडतो. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स तिच्यावर चित्रपट करत असताना प्रश्न निघाला: याला मारलं कुणी, की याने जीव दिला? चँडलरला तार गेली. मलाही ठाऊक नाही, असं त्याचं उत्तर. चित्रपट १९४६मध्ये झळकला, शोफरचं कोडं तसंच राहिलं, आणि चित्रपटाचं त्याने काही बिघडलं नाही.

मग चँडलरला ढोंगी म्हणायचं का? मी नाही म्हणणार. मिल्नची कादंबरी मेलेला माणूस नेमका कोण या एका फसवणुकीवर उभी आहे. ती फसवणूक एखाद्या सामान्य कॉरोनरसमोरही टिकणार नसेल, तर मागे काही उरतच नाही. 'बिग स्लीप'मध्ये शोफरच्या मरणावर काहीच टांगलेलं नाही. तिथे पणाला लागलाय तो मार्लो, कादंबरीतला खाजगी गुप्तहेर. पैशाने सडलेल्या घरात शिरून तो न सडता बाहेर पडणार का, यासाठी आपण पानं उलटतो. भोक केवढं आहे हे मोजून भागत नाही, ते कुठल्या भिंतीला आहे हे बघावं लागतं.

हा वादही काही आजचा नाही. १६९३ साली टॉमस रायमर नावाच्या इंग्रज समीक्षकाने शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'ची अशीच हजेरी घेतली. बायकोचा रुमाल दुसऱ्याकडे दिसला म्हणून नवरा तिचा जीव घेतो, एका रुमालावरून एवढा गहजब? मग याला रुमालाची शोकांतिका म्हणा की, असं त्याने विचारलं, आणि बायकांनी आपले कपडेलत्ते नीट सांभाळावेत असा बोधही काढून दिला. नंतरच्या अभ्यासकांनी तर याहून मोठं भोक दाखवलं. सायप्रसला पोचल्यापासून सगळा मामला दोनेक दिवसांत आटोपतो, आणि प्रवासात ऑथेल्लोची बायको डेस्डेमोना आणि ज्याच्यावरून संशय तो कॅसिओ वेगवेगळ्या जहाजांवर होते. हा व्यभिचार घडायला वेळ होता कुठे? ऑथेल्लोने नुसते दिवस मोजले असते तरी बायको वाचली असती. पण तो मोजत नाही, आणि मोजू शकेल तो मत्सर कसला? देवलांनी १८९०मध्ये या नाटकाचा 'झुंजारराव' केला तेव्हा नावं मराठी झाली, संशयाने आंधळा झालेला नवरा मात्र मराठी करावा लागला नाही. तो इथे होताच.

त्याच्याही मागे जायचं तर सोफोक्लिसच्या ग्रीक नाटकातला राजा ईडिपस, नकळत बापाला मारून आईशी लग्न करणारा. इतकी वर्षं राज्य करून, आधीच्या राजाच्या विधवेशी संसार थाटून, तो राजा मेला कसा हे यानं विचारलंच नाही? व्होल्तेरने १७१९मध्ये यावरून सोफोक्लिसला धारेवर धरलं. ॲरिस्टॉटलने हे भोक दोन हजार वर्षं आधीच पाहिलं होतं, आणि त्याचं उत्तर व्यवहारी होतं: ही न पटणारी गोष्ट नाटकाच्या बाहेर, नाटक सुरू होण्यापूर्वी घडून गेलेली आहे, म्हणून चालते. मला हे उत्तर अर्धंच वाटतं. वाटेत एका म्हाताऱ्याला ठार करून आलेला माणूस, ज्याला बापाच्या खुनाचं भाकीत ठाऊक आहे, तो मेलेल्या राजाबद्दल खोलात का शिरत नाही हे काय इतकं अगम्य आहे? काही प्रश्न आपण विचारत नाही, कारण उत्तराची चाहूल आधीच लागलेली असते.

आता विरोधकांचा सगळ्यात बळकट मुद्दा. ते म्हणतील, शेक्सपिअर आणि सोफोक्लिस पुढे करू नका. रहस्यकथा हा वाचकाशी केलेला करार आहे. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स या इंग्रज रहस्यकथाकाराने तिचे दहा नियम लिहिले. गुप्त वाट एकाहून जास्त नको, गुप्तहेराला उत्तर योगायोगाने सापडता कामा नये, वगैरे. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये रहस्यकथाकारांचा डिटेक्शन क्लब निघाला आणि त्याचे सभासद वाचकाशी सचोटीने खेळण्याची शपथ घेऊ लागले. अशा कथेत घटनेतलं भोक म्हणजे सरळ फसवणूक. हे मला पूर्ण मान्य आहे, आणि वर मी मिल्नला दोषी धरलं ते यासाठीच. पण मग 'स्पेकल्ड बँड'चं काय करायचं? शेरलॉक होम्सच्या त्या १८९२च्या गोष्टीत डॉयलने हिंदुस्थानातून आणलेला साप बशीतल्या दुधावर पाळला आणि शिट्टीच्या इशाऱ्यावर दोरावरून वर परत बोलावला. नागपंचमीला दूध वाहणाऱ्या आपल्याला हसायचा हक्क जरा कमीच, पण साप दूध पिऊन जगत नाही आणि शिट्टी ऐकून मालकाकडे येत नाही. इथे तर साप हेच कोड्याचं उत्तर आहे. माझ्याच नियमाने ही गोष्ट कोसळायला हवी होती. ती कोसळली नाही. १९२७मध्ये खुद्द डॉयलने आपल्या आवडत्या होम्सकथांत तिला पहिला नंबर दिला.

याचं कारण करार नेमका कशाचा आहे यात सापडतं. जमिनीला खिळवलेला पलंग, कुठलीच घंटा न वाजवणारा घंटेचा दोर, बाहेर उघडण्याऐवजी शेजारच्या खोलीत उघडणारा झरोका. या तिन्ही खुणा आपल्यासमोर मांडलेल्या आहेत आणि त्यांतून एकच गोष्ट निघते: शेजारच्या खोलीतून काहीतरी या पलंगावर उतरतं. तिथपर्यंत डॉयल प्रामाणिक आहे. सर्पशास्त्राचा करार त्याने केलाच नव्हता. उलट, घटनेत एकही भोक नसताना करार मोडता येतो. हिचकॉकच्या 'स्टेज फ्राइट'मध्ये (१९५०) सुरुवातीलाच एक पात्र घडलेली हकीकत सांगतं, ती आपल्याला पडद्यावर दिसते, आणि शेवटी कळतं की ती थाप होती. तर्काने यात चूक शोधून दाखवा. माणसं खोटं बोलतातच. तरी प्रेक्षक चिडले, आणि ते करायला नको होतं असं हिचकॉकनेही पुढे मान्य केलं. ॲगाथा ख्रिस्तीने १९२६मध्ये रॉजर ॲक्रॉइडच्या खुनाची गोष्ट खुद्द खुन्याकडूनच सांगवली, पण तो निवेदक खोटं बोलत नाही, फक्त मोक्याची दहा मिनिटं गाळतो. मागे जाऊन वाचलं की ती फट सापडते. तिच्यावरही फसवणुकीचा आरोप झाला, पण माझ्या मते तो टिकत नाही.

याद्यांमध्ये सगळ्यात लाडका बळी म्हणजे हिचकॉकचा 'व्हर्टिगो' (१९५८), विशेषतः २०१२मध्ये 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश चित्रपट-मासिकाच्या मतदानात तो जगातला सर्वश्रेष्ठ चित्रपट ठरल्यापासून. आरोप खरा आहे. गॅव्हिन एल्स्टरला बायकोचा खून करायचाय. त्यासाठी तो तिच्यासारखी दिसणारी एक मुलगी उभी करतो आणि उंचीला घाबरणाऱ्या स्कॉटीला तिच्या मागावर लावतो. ती मनोऱ्यावर धावत जाणार, स्कॉटी अर्ध्या जिन्यात गळपटणार, आणि वरून खऱ्या बायकोचं प्रेत खाली येणार. स्कॉटी दात-ओठ खाऊन वर पोचला असता तर? हा प्रश्न विचारण्यात यादीवाले पहिले नाहीत. फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत हिचकॉकने स्वतःच हे भोक दाखवलं: तो वर येणार नाही याची नवऱ्याला खात्री काय? कथेतली ही उणीव त्याला सलत होती. मग तरी चित्रपट का चालतो? कारण हिचकॉकने रहस्य कुठे फोडलंय ते बघा. शेवटाला अजून बराच अवकाश असताना ज्यूडी, म्हणजे बायको म्हणून उभी केलेली ती मुलगी, एक पत्र लिहायला बसते आणि सगळा कट आपल्याला कळतो, स्कॉटीला नाही. कोड्याचं उत्तर दिग्दर्शकाने स्वतःहून टाकून दिलं. एल्स्टर तर त्याआधीच कथेतून चालता झालाय, त्याला पकडायची चित्रपटाला घाईसुद्धा नाही. भोक आहे ते त्या टाकून दिलेल्या भागात. शिल्लक राहतो तो एक पुरुष, जो समोरच्या जिवंत मुलीचे केस, बूट, करडा सूट बदलून तिच्यातून मेलेली बाई घडवू बघतोय.

आणि तो हार? ज्यूडी कटात सामील होती. मेलेल्या बाईचा हार जवळ ठेवणं धोक्याचं, घालणं वेडेपणाचं, आणि गुप्त पोलीस राहिलेल्या माणसाकडून त्याची कडी अडकवून घेणं म्हणजे कळसच. स्कॉटी आरशात बघतो आणि क्षणात सगळं उमगतं. यादीवाल्यांच्या मते लेखकाला शेवट सुचेना म्हणून त्याने बाईला मूर्ख बनवलं. मला वाटतं, त्या संध्याकाळी ज्यूडीला पहिल्यांदाच वाटतंय की आपण सुटलो. त्याला हवी तशी ती झाली, त्याने तिला जवळ घेतलं, आता जेवायला बाहेर जायचंय. सुटलेला माणूस सावध नसतो. शिवाय हे नाटक वठवताना ती त्याच्या प्रेमात पडली होती, आणि त्या प्रेमाची खूण म्हणून तिच्यापाशी तेवढाच दागिना आहे. तिने तो फेकून दिला असता तर ती एल्स्टरच्या जातीची ठरली असती. तपासाच्या दृष्टीने घोडचूक असलेली ही गोष्ट पात्राच्या दृष्टीने इतकी बिनचूक आहे की ती नसती तर मला ज्यूडी खोटी वाटली असती.

खऱ्या आयुष्यातही माणसं असंच वागतात, हा बचाव मात्र जपून वापरावा लागतो. वास्तवाला कुणाला पटवून द्यायचं नसतं, कथेला द्यावं लागतं, ही हरकत रास्त आहे. तरीही एक खटला बघा. २७ एप्रिल १९५९, मुंबई. नौदलाचा कमांडर कावस नानावटीला दुपारी बायकोकडून कळतं की तिचं प्रेम आहूजा नावाच्या त्यांच्या मित्रावर आहे. मग हा गृहस्थ काय करतो? बायकोमुलांना गाडीत घालून सिनेमाला सोडतो आणि सहा वाजता न्यायला येतो असं सांगतो. तिथून आपल्या जहाजावर जातो, रात्री एकट्याने अहमदनगरला गाडी हाकत जायचंय म्हणून रिव्हॉल्वर आणि सहा काडतुसं मागून घेतो, आहूजाच्या फ्लॅटवर जाऊन त्याला गोळ्या घालतो आणि स्वतःच पोलिसांच्या हवाली होतो. हे कुणी पटकथेत लिहिलं असतं तर? अशा बातमीनंतर कुणी मुलांना सिनेमाला नेतं का, असं म्हणून पहिल्याच बैठकीत तो प्रसंग कापला गेला असता.

त्या खटल्यातही दोन्ही प्रकारचे प्रश्न निघाले. आहूजा आंघोळ करून टॉवेल गुंडाळून बाहेर आला होता. झटापटीत गोळ्या सुटल्या असं बचावाचं म्हणणं, मग तीन गोळ्या लागूनही टॉवेल कमरेला तसाच कसा राहिला? हा घटनेतल्या भोकाचा प्रश्न, आणि बचावाच्या कथेत तो जीवघेणा ठरला, कारण ती अख्खी कथा झटापटीवर उभी होती. सिनेमाच्या फेरीकडे कोर्टाने वेगळ्या नजरेने पाहिलं. असं कुणी करेल का, हे विचारण्यात अर्थ नव्हता, त्याने केलं होतंच. विचारलं हे गेलं की जो माणूस हे करतो त्याच्या मनाची अवस्था काय असते. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्याला निर्दोष म्हटलं होतं. उच्च न्यायालयाने ते मानलं नाही, आणि १९६१मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याच वागण्यावरून आणि मधल्या सुमारे तीन तासांवरून निष्कर्ष काढला की तो तोवर भानावर आला होता, एकाएकी राग अनावर झाल्याचा बचाव त्याला मिळणार नाही. त्या निकालाशी वाद घालता येतो आणि लोकांनी पुष्कळ घातला. पण चमत्कारिक वागणं दिसलं की त्यातून माणूस वाचायचा, ही पद्धत मला योग्य वाटते.

यावर एक हरकत उरते, आणि ती मला सगळ्यात जड जाते. माणूस असाच विचित्र असतो म्हणून सगळंच माफ करायला लागलो तर आळशी लेखकाला पकडायचं कसं? तळघरातून आवाज आल्यावर दिवा न लावता एकटी खाली जाणारी बाई हीसुद्धा मानवी स्वभावात बसवायची का? नाही. तिला खाली कथानक पाठवतं, तिच्या आत तसं काहीच चाललेलं नसतं. 'सायको'मधली मॅरियन चाळीस हजार डॉलर चोरून पळते आणि रस्त्यापलीकडे पोलीस उभा असताना, त्याच्या डोळ्यांदेखत, जुनी गाडी देऊन नवी घेते. नंबर बदलण्याचा सगळा हेतूच त्याने बाद होतो. हा शुद्ध मूर्खपणा, पण त्याआधीचा रस्ताभर आपण तिच्या शेजारी बसलेलो असतो. चोरी करायची सवय नसलेल्या बाईला एकदा ठरवलेलं मध्येच थांबवता येत नाही, इतकी ती घाबरलेली आहे, हे आपल्याला तोवर पाठ झालेलं असतं. गाड्या विकणारासुद्धा चक्रावतो, कारण इथे गिऱ्हाईकच घाई करतंय. हिचकॉकने मूर्खपणा लपवला नाही, एका पात्राच्या तोंडून त्याकडे बोट दाखवलं.

माणसातलं खरं भोक बघायचं असेल तर त्याच दिग्दर्शकाचा 'सस्पिशन' (१९४१) बघावा. फ्रान्सिस आइल्सच्या ज्या कादंबरीवरून तो घेतलाय तिच्यात नवरा खुनी आहे आणि बायको ते जाणून त्याच्या हातचं विष पिते. चित्रपटात नवरा झालेला कॅरी ग्रँट दुधाचा पेला घेऊन जिना चढतो, तो पेला नजरेत भरावा म्हणून त्यात दिवा ठेवला होता, आणि पाऊणेक चित्रपट आपल्याला एका थंड डोक्याच्या लुच्च्याच्या सहवासात ठेवतो. शेवटच्या काही मिनिटांत गाडी कड्याच्या काठाने जाते, झटापट होते, आणि कळतं की बिचारा विषाची चौकशी स्वतःसाठी करत होता. किल्ल्या, वेळा, अंतरं सगळं जुळतं. फक्त आपण ज्याला बघत होतो तो माणूस हा नव्हे.

आणि दुरुस्ती केल्याने काय जातं तेही बघायला हवं. पॅट्रिशिया हायस्मिथच्या 'स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन' (१९५०) या कादंबरीत गाय हा सभ्य, होतकरू वास्तुरचनाकार आहे. आगगाडीत भेटलेला ब्रुनो त्याच्या बायकोचा खून करून टाकतो आणि मोबदल्यात स्वतःच्या बापाचा खून मागतो. कुठलाही शहाणा माणूस पोलिसांकडे गेला असता. हायस्मिथचा गाय जात नाही. पत्रं येत राहतात, झोप उडते, धमक्या, घराचा नकाशा, पिस्तूल, आणि एका रात्री तो खरंच जाऊन त्या म्हाताऱ्याला गोळी घालतो. हिचकॉकने चित्रपटाच्या पटकथेसाठी चँडलरला घेतलं तेव्हा सभ्य माणूस असल्या गोष्टीला राजी होतो हे प्रेक्षकाच्या गळी उतरवायचं कसं, यापायी तो रडकुंडीला आला. शोफर कुणी मारला याची ज्याला फिकीर नव्हती, त्याला हे सलत होतं, म्हणजे दुखणं नेमकं कुठे आहे हे त्याला पक्कं कळत होतं. त्याचं हिचकॉकशी बिनसलं, पटकथा दुसऱ्यांनी पुरी केली. १९५१च्या चित्रपटातला गाय टेनिस खेळतो, पोलिसांकडे न जायला त्याला ठोस कारण आहे, आणि तो म्हाताऱ्याच्या खोलीत शिरतो ते त्याला सावध करायला. सगळं पटण्यासारखं. मला टेनिसचा तो सामना आवडतो, शेवटचा गरगरणारा मेरी-गो-राउंडही आवडतो, पण त्यानंतर मला गायबद्दल एकही प्रश्न पडत नाही. कादंबरीतल्या गायशी मी अजून भांडतो.